सरकारी एमबीबीएस की पुण्यात कॉम्प्युटर?

कृष्णाकाठ
प्रश्न भाचीचा आहे. अकरावी-बारावीला पीसीएमबी (म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही) घेतल्यामुळे तिने मेडिकलची नीट आणि इंजिनिअरिंगची सीईटी दोन्ही दिल्या. नीटच्या मार्कांवर एखादं नवं सरकारी मेडिकल मिळेल असं दिसतंय. २०२४ साली राज्यात एकदम दहा सुरू झाली ना, वाशीम, हिंगोली, बुलढाणा वगैरे, त्यांतलं. सीईटीवर पुण्यात नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग जवळपास नक्की. बहीण म्हणते डॉक्टर, मेव्हणे म्हणतात पुणे. पोरगी दोघांकडे बघून गप्प.

माझं मत मेडिकल. डॉक्टर झाल्यावर कोडिंग शिकता येतं. आयआयटी खरगपूरला तर एमबीबीएसवाल्यांसाठी मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजीचा तीन वर्षांचा मास्टर्स आहे. इंजिनिअरला मात्र डॉक्टर व्हायचं तर पुन्हा नीट आणि पुन्हा पहिलं वर्ष. भांडा खुशाल, फक्त 'तिच्या आवडीचं करू द्या' एवढंच लिहून पळू नका.

रात्रपाळी
मामा, मी रेसिडेंट (निवासी) डॉक्टर आहे आणि तुमच्याशी पूर्ण असहमत. तो खरगपूरचा रस्ता खरा आहे, पण माझ्या बॅचमधलं कोणीही त्या वाटेला गेलं नाही. हिशोब मांडा. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेज म्हणून वर्षभराची बाँडची सेवा, मग नीट-पीजी आणि एमडी-एमएसची तीन वर्षं. म्हणजे दहा वर्षं गेली, तीही नीट-पीजी पहिल्या दणक्यात निघाली तर. इंटर्नला महिन्याला अठरा हजार मिळतात, तेवढ्यात ती कॉम्प्युटरवाली मैत्रीण दुसरी नोकरी बदलत असते.

आणि फर्स्ट एमबीबीएस चार प्रयत्नांत सुटलं नाही तर पुढे शिकताच येत नाही. 'बघू, नंतर कोडिंग करू' म्हणत आलेलं पोर अ‍ॅनाटॉमीच्या पाठांतरात टिकत नाही. मेडिकल हवं असेल तर मेडिकलसाठीच घ्यावं.

हिंजवडी फेज थ्री
डॉक्टरसाहेब, तुम्ही आमच्याकडची हिरवळ लांबून बघताय. टीसीएसने २०२५ मध्ये सुमारे १२,००० लोक कमी करायचं जाहीर केलं ते वाचलंत ना? मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळलंय, फ्लॅटचं भाडं तेवढं वाढलं. जे काम आम्ही नव्या पोरांना शिकायला द्यायचो ते आता एआयकडून करून घेतो. भाची चार वर्षांनी बाहेर पडेल तेव्हा शिकाऊ काम उरलेलं असेल का, हे मला छातीठोक सांगता येत नाही. कृष्णाकाठ, मेडिकल घ्या.

अर्धविराम
इथे एकाचं वाईटातलं वाईट आणि दुसऱ्याचं चांगल्यातलं चांगलं अशी तुलना चाललीय. पुण्यातल्या वरच्या कॉलेजातली कॉम्प्युटरची पोरं साडेतीन लाखांच्या रांगेत नसतात. आणि नुसत्या एमबीबीएसवर आज शहरात दवाखाना चालवून दाखवा.

वऱ्हाडी ठेचा
अरे बाप्पा, वाशीम म्हणजे काय काळं पाणी आहे का? नवीन कॉलेजं जिल्हा रुग्णालयांना जोडलेली आहेत. पेशंट तर इतके, की मुंबईच्या पोराला लांबून बघायला मिळते ते इथे इंटर्नशिपला पोरांच्या हातून होईल. खरी अडचण मास्तरांची. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, काही विभागांत बदलीवर आलेले लोक. जाऊन बघा, हॉस्टेल कुठे आहे ते विचारा, मुलीचा प्रश्न आहे. सीनियर पोरींशी बोला. डीनशी बोलून काही कळत नाही.

शांताबाई
फी कोणी काढली नाही म्हणून लिहिते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, इंजिनिअरिंगलाही आणि मेडिकललाही. त्यात बसत असाल तर पैशाचं कारण पुढे करू नका. मात्र सरकारी हुकलं आणि कोणी अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं नाव घेतलं, तर वर्षाला वीस लाखांच्या पुढे जातं. तिथे मेव्हण्यांचं ऐका.

कृष्णाकाठ
रात्रपाळी, तुमचा दहा वर्षांचा हिशोब मान्य. पण हिंजवडीकरांच्या चार वर्षांनंतरचं काय, याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. माझं मत अजून तेच आहे. ठेचाभाऊ, शनिवारी भाचीला घेऊन वाशीमला जातोय. तोवर इंजिनिअरिंगची जागा धरून ठेवावी का?

रात्रपाळी
धरा. इंजिनिअरिंगचा प्रवेश मुदतीच्या आत रद्द केला तर नाममात्र रक्कम कापून फी परत मिळते. मेडिकलचं तसं नाही. तिथली जागा मुदत उलटल्यावर सोडली तर दंड घसघशीत असतो, माहितीपुस्तिका शब्दन् शब्द वाचा. आणि ओरिजिनल कागदपत्रं कॉलेजात जमा करण्याआधी सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवा. मेडिकलला ओरिजिनलच मागतात.

चार वर्षांनंतरचं उत्तर माझ्याकडे नाही. हिंजवडीकरांकडेही नाही.