रेडिएटरचा फॅन चालूच होईना, घाटात काटा लाल पट्टीला

कडोलीकर
नमस्कार मंडळी. गाडी 2011 ची, लहान पेट्रोल, घरातलीच. रेडिएटरचा फॅन फिरायचाच बंद झालाय. हायवेला काय त्रास नाही, निपाणीपर्यंत गेलो तरी तापमानाचा काटा मधेच उभा, तवंदी घाटसुद्धा आरामात चढते. पण टिळकवाडीत रेल्वे गेटला थांबलो की काटा हळूहळू वर, आणि परवा साखळीहून येताना केरीच्या पुढं चोर्ल्याचा चढ लागला, पुढं ट्रक मागं ट्रक, पहिल्या गिअरात रांगायलोय आणि काटा गेला की लाल पट्टीला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर पंखा गप्प. बाटलीत कूलंट लेव्हलला होतं. फॅनचा फ्यूज काढून बघितला, शाबूत हाय. गॅरेजवाला म्हणतो अख्खी फॅन असेंब्ली टाका, एकदमच सेन्सर पण बदलून घ्या. गणपतीला कोकणात उतरायचंय, पैसे घालायला ना नाही पण नक्की काय गेलंय ते तरी आधी कळायला पाहिजे की. मल्टिमीटर हाय, थोडंफार वापरायला येतंय.

निपाणीवाला
भावा थर्मोस्टॅट, ते गरम झाल्यावर पाणी रेडिएटरकडं सोडणारं झाकण, काढून फेकून दे, आपल्याकडच्या हवेला ते लागतच नाही. माझ्या गाडीत कधीचा काढलाय, काय सुद्धा होत नाही.

वायंडिंगवाला_उद्यमबाग
निपाणीवाले, राग मानू नका, पण हा सल्ला ऐकून ऐकून कान किटले ओ. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गरमच होत नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून गारच हाय, मग ते जास्त पेट्रोल सोडत राहतं आणि अॅव्हरेज बसतं. आणि कडोलीकरांची गाडी हायवेला गार राहते म्हणजे थर्मोस्टॅट उघडतोय, पाणी फिरतंय, रेडिएटर पण चोंदलेला नसणार. पळताना वारा आपोआप मिळतोय, थांबल्यावर वारा द्यायचं काम फॅनचं, तेवढंच होईना झालंय. तेव्हा भानगड फॅनच्या लाइनीतच.

आता कडोलीकर, काही विकत आणायच्या आधी फॅनच्या लाइनीचे मनातल्या मनात दोन भाग करून बघा, कुठल्या अर्ध्यात बिघाड हाय ते. गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्या वेळात फॅन फिरायलाच पाहिजे, इंजिन गार असलं तरी. फिरला तर मोटर, रिले (फॅनला करंट जोडणारा स्विच), वायरिंग सगळं ठीक, मग सेन्सरकडं बघा. नाही फिरला तर सेन्सरला आत्ताच शिव्या देऊ नका.

मग गाडी बंद करून फॅनचा प्लग काढा आणि बॅटरीवरनं दोन जाड वायरी, मधे फ्यूज घालून, थेट मोटरला द्या. फिरला तर मोटर जिवंत. न फिरता गुर्र करत असेल किंवा पाठीवर हलकं ठोकल्यावर सुटत असेल तर कार्बन ब्रश संपलेत, ते बदलून मिळतात, त्यासाठी असेंब्ली लागत नाही. हाताने फिरवून बघा, जड लागला तर बेअरिंग. पण हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, हा फॅन चावी बंद असताना पण सुटू शकतो आणि बोटांची ओळख ठेवत नाही.

मोटर ठीक निघाली तर रिले. बॉक्समधे त्याच नंबरचा दुसरा असतो, बऱ्याचदा हॉर्नचा, अदलाबदल करून बघा. मग इंजिन चालू ठेवून टेम्परेचर सेन्सरचा प्लग काढा. बऱ्याच ईसीयू गाड्यांत सेन्सर तुटला असं समजून फॅन चालू करून ठेवतात. चेक लाइट लागेल, घाबरू नका. रिलेचा टक् आवाज येतो का ते कान देऊन ऐका आणि इथं सांगा.

फौजी_काका
वरच्या भाऊंनी नीट सांगितलंय. एकच घालतो. गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडू नका, कितीही घाई असो. आतलं पाणी दाबाखाली शंभरच्या वर असतंय, झाकण सैल केलं की उकळून तोंडावर येतं. आणि घाटात अडकलात तर एसी बंद, हीटर फुल्ल, काचा खाली. घाम फुटतोय पण काटा उतरतोय. तरी उतरला नाही तर बाजूला घेऊन इंजिन बंद.

आम्ही वर बर्फात असताना स्नो स्कूटर असायच्या, पाण्यावर गार होणाऱ्या. तिथली तऱ्हा वेगळीच. बऱ्याच मशीनना रेडिएटर आणि फॅन नसतोच, मशीन ज्या पट्ट्यावर पळते त्याच्या वरच्या बोगद्यासारख्या पोकळीत नळ्या असतात, पट्टा बर्फ उडवून त्यांच्यावर मारतो तेच कूलिंग. मोकळा बर्फ असला तर छान, कडक बर्फावर आला की उडायला काही नाही, मग उणे तापमानात सुद्धा मशीन तापायची. नव्या पोरांना पटायचंच नाही, एवढ्या थंडीत इंजिन तापतंय कसं म्हणून.

कडोलीकर
सगळ्यांचे आभार. एसी लावला, फॅन नाही. बॅटरी थेट दिली, असा जोरात फिरला की मीच मागं सरलो. सेन्सरचा प्लग काढला तर रिले टक् करतोय, पण फॅन गप्पच. मग प्लग काढून दोन पिनांवर मीटर लावला, एक-दोन व्होल्टच दाखवतोय आणि तो आकडा पण नाचतोय. म्हणजे करंटच येत नाही काय?

वायंडिंगवाला_उद्यमबाग
उलटं बघूया. मीटरची काळी सुई प्लगवर नको, थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. लाल सुई प्लगच्या येणाऱ्या वायरीवर. बारा दिसले तर करंट येतोय, परतीची वाट बंद हाय. मग प्लग परत बसवून, रिले लागलेला असताना, लाल सुई फॅनच्या काळ्या वायरीवर टोचा. अर्थिंग, म्हणजे हीच परतीची वाट, चांगलं असेल तर शून्याच्या आसपास. तिथं बॅटरीएवढे व्होल्ट दिसले तर अर्थिंग गेलं, समजायचं आणि काय.

जांबोटीकर
मी पैज लावतो अर्थिंगच. आमच्याकडं कणकुंबीच्या पावसात आणि तांबड्या मातीत हा रोग घरोघरी हाय. आणि उसात गाडी उभी करत असाल तर उंदीर पण बघा, वायरीचं कव्हर त्यांना फार आवडतं.

कडोलीकर
जांबोटीकर जिंकले. येणाऱ्या वायरीवर 12.4, आणि प्लग लावून काळ्या वायरीवर बघितलं तर तिथं पण जवळजवळ तेवढेच. वायर धरून मागं मागं गेलो, डाव्या हेडलाइटच्या खाली बॉडीला बोल्ट हाय, तिथं लाल चिखल वाळून ढेकूळ झालेलं. खरवडलं तर आत हिरवी पूड, आणि लगला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीला, जरा ओढ दिली तर वायर हातातच आली, वरनं कव्हर शाबूत आणि आतली तांब्याची तार कुजलेली. वायर चांगली तांबडी लागेपर्यंत कापली, नवा लग दाबला, बॉडी सँडपेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळून वर ग्रीस फासलं. काल संध्याकाळी मुद्दाम गेटला जाऊन थांबलो. काटा मधाच्या जरा वर गेला, फॅन सुटला, काटा खाली, फॅन बंद. बायको म्हणाली रेल्वे बघायला आणलंय काय मला.

वायंडिंगवाला_उद्यमबाग
झकास. फॅनचा प्लग पण बघून घ्या, पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिक वितळलं असेल तर बदला, नाहीतर तिथं पुढचा बिघाड. आणि थेट बॅटरी देताना वायरी अदलाबदल झाल्या तर फॅन उलटा फिरतो, हे इतर वाचणाऱ्यांसाठी. फॅन चालू असताना जाळीसमोर कागद धरा, फॅन इंजिनच्या बाजूला असेल तर कागद आत ओढून चिकटला पाहिजे.

निपाणीवाला
बरं, थर्मोस्टॅट परत घालायचा म्हटलं तर कितीचा घ्यायचा?

वायंडिंगवाला_उद्यमबाग
त्याच्यावर उघडायचं तापमान कोरलेलं असतंय, तुमच्या मॉडेलला कंपनीने जे दिलंय तेच घ्या, कमीचा बघू नका. पॅकिंग नवं घाला, आणि कूलंट भरताना आतली हवा काढा, नाहीतर परत इथंच प्रश्न घेऊन याल.