मदत हवी आहे: नळ बंद होत नाही, प्लंबर येऊ शकत नाही

सायंतारा | 17 एप्रिल 2020, रात्री 10.40
नमस्कार. आमच्या न्हाणीघरातील नळ चार दिवसांपासून पूर्ण बंद होत नाही. आधी थेंब पडत होते, आज धार लागली असून पंधरा लिटरची बादली तीन तासांत भरते. भिंतीतला वॉल्व्ह नुसताच गरगर फिरतो. टाळेबंदीमुळे बाहेरच्या कोणालाही फाटकाच्या आत घ्यायचे नाही, असे सोसायटीने ठरवले आहे. कृपया लवकर उपाय सांगावा. बादली खाली ठेवलेली आहे, तेवढे सुचवू नये.

पाणक्या | रात्री 11.05
वायसर झिजला असणार. गच्चीवरचा वॉल्व्ह बंद करावा, नळाचे डोके पान्ह्याने सोडवावे आणि आतला रबरी वायसर काढून उलटा बसवावा. त्याची दुसरी बाजू सहसा शाबूत असते, त्यामुळे दुकाने उघडेपर्यंत निभावते. मागच्या आठवड्यात मी आमच्याकडे हेच केले आहे.

जुनाजाणता | रात्री 11.30
उलटा वायसर चार दिवसही टिकत नाही. जुन्या स्लिपरच्या तळव्यातून रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी लहान चकती कापून बसवावी. आमच्या वाड्यातील नळ वर्षानुवर्षे अशा चकत्यांवर चालले.

पाणक्या | रात्री 11.42
स्लिपरचे रबर मऊ असते, ते दाबाखाली पसरते आणि नळ आणखी घट्ट पिळावा लागतो. तसे पिळण्यामुळेच आटे जातात. त्यापेक्षा सायकलच्या ट्यूबचे दोन थर घ्यावेत.

नियमनिष्ठ | 18 एप्रिल, सकाळी 7.15
आपण दोघे विनाकारण रबर कापत बसला आहात. केंद्राच्या 15 एप्रिलच्या आदेशानुसार प्रतिबंधित क्षेत्राबाहेर प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि सुतार यांना 20 तारखेपासून काम करता येणार आहे. सोसायटीला त्यांना अडवण्याचा अधिकार नाही, असे लेखी कळवावे.

मोगरी | सकाळी 8.02
तो आदेश राज्याला आणि जिल्ह्याला अधिक कडक करता येतो, शिथिल करता येत नाही. तेव्हा आपण कुठे राहता हे कळल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. शिवाय मुख्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. नळ बंद करायला तीन-चार फेरे फिरवावे लागतात की दांडी पाव फेरा वळवली की झाले? पाणी थंड आहे की सोलरचे? इमारत किती मजल्यांची आहे?

सायंतारा | सकाळी 9.20
नाशिक. पाच मजले, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. दांडी पाव फेराच वळते. यात विचारण्यासारखे काय आहे, हल्ली सगळे नळ असेच असतात. पाणी थंड आहे. गच्चीवरचा वॉल्व्ह काल अर्धा तास बंद ठेवून पाहिला, तरीही धार चालूच होती.

मोगरी | सकाळी 9.48
मग वायसर आणि स्लिपर दोन्ही विसरावेत. पाव फेऱ्याच्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात आणि त्यांच्यामध्ये रेतीचा कण किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार अडकला की नळ बंद होत नाही. वॉल्व्ह बंद करूनही पाणी आले, याचे कारण वरच्या मजल्यांचे उभ्या पाइपातले पाणी तुमच्या नळातून उतरत राहिले असेल. वॉल्व्ह बंद झाल्यावर तळमजल्यावरचा याच लाइनवरचा नळ उघडा ठेवायला सांगावा. तरीही धार थांबली नाही, तर गच्चीवर चुकीचा वॉल्व्ह बंद झाला आहे. लाइन रिकामी झाली की दांडीवरची टोपी नखाने उचकटून स्क्रू काढावा, आतले कार्ट्रिज, म्हणजे या चकत्या बसवलेला सुटा भाग, पान्ह्याने सोडवावे, अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवावे आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने घासावे. खालची रबरी कडी हरवू नये.

हिरवळ | सकाळी 10.10
या निमित्ताने सांगते, घरचा सॅनिटायझर करण्याच्या भानगडीत पडू नये. हात साबणाने वीस सेकंद धुतले की पुरते.

सायंतारा | सकाळी 10.25
नळच वाहतो आहे, तेव्हा हात धुण्याची अडचण नाही. खरी अडचण वेगळी आहे. या लाइनवर पाच घरे आहेत आणि चौथ्या मजल्यावरचे कुटुंब चौदा दिवसांच्या गृह विलगीकरणात आहे. त्यांचे पाणी तोडायला माझी जीभ रेटत नाही. गच्चीला तर सचिवांनी कुलूप लावले आहे, कारण लोक तिथे जमून फेऱ्या मारत होते. काल त्यांच्याकडून किल्ली मागतानाच दहा मिनिटे गेली.

पाणक्या | सकाळी 10.50
आदल्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वेळ कळवावी. चौथ्या मजल्याला स्वतंत्र फोन करावा आणि दोन बादल्या भरून ठेवायला सांगावे; गटावर त्यांचा उल्लेख टाळावा. आमच्याकडे असे नाव एकदा फुटले, तर दूधवाल्याने पिशवी जिन्यातच ठेवून जायला सुरुवात केली.

सायंतारा | 19 एप्रिल, दुपारी 12.30
झाले. सकाळी सात ते साडेआठ वेळ घेतली. तळमजल्याचा नळ उघडल्यावर बारा मिनिटांत धार थांबली. कार्ट्रिजच्या दोन चकत्यांमध्ये ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक खडा होता. टाकी मार्चमध्ये धुतली, तेव्हाचा असावा. व्हिनेगर नव्हते, म्हणून लिंबाचा रस वापरला. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी नऊ वाजता फोन करून, पाणी आले का, असे उलट मलाच विचारले. भिंतीतला वॉल्व्ह मात्र अजून गरगरतोच आहे, त्याला नंतर कधीतरी पाहू.

जुनाजाणता | दुपारी 1.05
त्या वॉल्व्हलाही स्लिपरचीच चकती लागेल.