मदत हवी आहे: चिकनच्या दुकानातून मॅरिनेटेड पाकिटं सुरू केली, आता रजिस्ट्रेशन चालेल की लायसन्सच लागेल? (नाशिक)

पवननगरचा चिकनवाला | ९ जुलै २०२५

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

सिडकोत पवननगरच्या बाजूला आमचं चिकनचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. जाळीतून कोंबडी काढायची, गिऱ्हाईकासमोर कापायची, पीस करून द्यायचे, एवढाच धंदा. लॉकडाऊननंतर मी बसायला लागलो आणि दोन वर्षांपूर्वी तंदुरी, मलई टिक्का आणि सीखचा खिमा असं मसाला लावून अर्ध्या किलोच्या व्हॅक्युम पाकिटात द्यायला सुरुवात केली, आधी ओळखीच्या सोसायट्यांमध्ये, मग गंगापूर रोडच्या दोन हॉटेलांनी रोजचा माल मागितला, मग एक क्लाउड किचन लागलं. आता दिवसाला ४०-४५ किलो पाकिटं जातात, आखाड चालू आहे म्हणून सध्या त्याहून जास्त. सगळं बनतं दुकानाच्या मागच्या १० बाय १२ च्या खोलीत, मधे फक्त एक पडदा.

आमच्याकडे १०० रुपये वर्षाचं एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षेचं सरकारी खातं) रजिस्ट्रेशन आहे, फ्रेम करून गल्ल्याच्या वर लावलंय. मागच्या आठवड्यात एका हॉटेलच्या मॅनेजरने सांगितलं की आमचं ऑडिट आहे, तुमचं लायसन्स पाठवा, रजिस्ट्रेशन नको. दोन दिवसांनी एक एजंट आला, म्हणे एप्रिलपासून सगळे नियम बदललेत, मांसवाल्यांना आता नवीन लायसन्स कंपल्सरी, ३५ हजार द्या मी सगळं करून देतो, नाहीतर सील लागेल. वडील म्हणतात लुटतोय तो. मला कळत नाहीये कोण खरं बोलतंय. फॉस्कोसच्या, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन अर्जाच्या, साइटवर जाऊन बसलो तर "तुमच्या धंद्याचा प्रकार निवडा" इथेच अडकलो, कत्तल पण आहे, प्रोसेसिंग पण आहे, किरकोळ विक्री पण आहे, टिक कशावर करू?

अजून एक, ५००० स्टिकर छापून घेतलेत. ते तरी चालतील का?

श्रावण २५ तारखेला लागतोय, धंदा बसेल तेव्हा महिनाभर तोडफोड करायला वेळ आहे. त्याआधी काय करायचं ते ठरवायचंय. प्लीज सांगा.

---

देवळालीकर

भाऊ सोपं आहे, कागदावर वर्षाचा टर्नओव्हर १२ लाखाच्या आत दाखव, तिथपर्यंत रजिस्ट्रेशन चालतं. रजिस्ट्रेशन एक तुझ्या नावाने, एक वहिनींच्या नावाने. सगळे असंच करतात.

---

लेबलवाली ताई

देवळालीकर, असले सल्ले देऊ नका हो. पत्ता एकच, जीएसटीत विक्री दिसतेय, हॉटेलच्या खरेदीच्या बिलात पण दिसतेय, आणि हॉटेलला लायसन्सच हवंय, दोन रजिस्ट्रेशन दिली तरी त्याचं समाधान होणार नाही.

चिकनवाले दादा, १२ लाखाचा हिशोब एकदा करून बघा. वर्षाला १२ म्हणजे महिन्याला १ लाख, म्हणजे दिवसाला साधारण ३३०० रुपये. २२० रुपये किलोने धरलं तर १५ किलो. १५ किलो तर सिडकोत रविवारी सकाळी नऊच्या आत संपतं! पाकिटं बाजूलाच ठेवा, नुसत्या दुकानावरच तुम्ही रजिस्ट्रेशनच्या मापातून कधीच बाहेर पडलाय. आणि कोंबड्यांची वेगळी अट आहे, दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत कापत असाल तरच रजिस्ट्रेशन, त्याच्या वर १००० पर्यंत राज्याचं लायसन्स. मांस प्रोसेसिंगला दिवसाला ५०० किलोपर्यंत राज्याचं, त्याच्या पुढे सेंट्रल, म्हणजे केंद्राचं. तुम्ही ४५ किलोवाले, सेंट्रलचा काही संबंध नाही, एजंट तसं म्हणाला तर दारातूनच परत पाठवा.

हे सगळं २०११ च्या नियमांत आहे, एप्रिलमध्ये आलेलं नाही. १४ वर्षं जुनं आहे, फक्त आपल्याला कोणी विचारलं नव्हतं.

---

पवननगरचा चिकनवाला

ताई धन्यवाद, डोकं गरगरलं. रविवारी आम्ही ९०-१०० कापतो, बुधवार-शुक्रवारी ६० च्या आसपास, सोमवारी आणि गुरुवारी २०. मग सरासरी धरायची की काय?

---

लेबलवाली ताई

सरासरी नाही, तुमची दिवसाची क्षमता. रविवारी १०० होतात म्हणजे क्षमता १०० ची आहे.

---

सिन्नरचा पोल्ट्रीवाला

एप्रिलचं काय ते मी सांगतो, कारण ते आमच्याकडून सुरू होतं. अँटिबायोटिकच्या अवशेषांचे नियम एफएसएसएआयने कडक केले, ते १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेत. मांस, दूध, अंडी यांच्यात कोणत्या औषधाचा किती अंश चालेल त्या मर्यादा खाली आणल्या आणि जी औषधं अजिबात चालणार नाहीत त्यांची यादी वाढवली. कोलिस्टिन तर २०१९ मध्येच कोंबड्यांना द्यायला बंदी झालीय. तुझ्या एजंटने कुठूनतरी "एप्रिल" आणि "मांस" एवढं ऐकलं आणि ३५ हजाराचं बिल केलं.

पण तुला याचा संबंध नाही असं समजू नको हां. पाकिटावर नाव तुझं आहे, नमुना तुझ्या दुकानातून उचलतील. म्हणून लिफ्टिंगवाल्याकडून, म्हणजे जो तुला गाडी देतो त्याच्याकडून, प्रत्येक लॉटला लेखी घे की कुठल्या शेडचा माल, शेवटचं औषध कधी दिलं, औषध बंद करून कापायच्या आधी जितके दिवस थांबायचं असतं तितके थांबले का. चांगले फार्मवाले रजिस्टर ठेवतात. जो म्हणतो "विश्वास नाही का राव", त्याचा माल घेऊ नको.

मी स्वतः आधी दोन वर्षं हे लिहून देत नव्हतो, खरं सांगतो, कोणी मागतच नव्हतं.

---

कोल्डस्टोरेजचा माणूस

मी सातपूरला एका प्लांटमध्ये क्वालिटीला होतो. लायसन्सपेक्षा मला तुमचा पडदा जास्त खटकतोय.

एका बाजूला जिवंत पक्षी, पिसं, विष्ठा, रक्त, आणि पडद्याच्या पलीकडे दही लावलेलं उघडं मांस. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर पक्ष्याच्या आतड्यात असतात, पिसं काढताना आणि पोट साफ करताना बाहेर येतात, हाताला, सत्तुराला, ओंडक्याला लागतात आणि तिथून तुमच्या टिक्क्यात. गिऱ्हाईक घरी नेऊन लगेच शिजवतो तेव्हा बरंचसं मरतं. पण तुम्ही पाकिटात भरून दोन-तीन दिवस ठेवताय, माल पुरेसा थंड नसला तर तेवढ्यात साल्मोनेला वाढतो. व्हॅक्युममुळे जंतू मरतात हा गैरसमज आहे, काही प्रकारचे जंतू तर हवा नसली की खूष होतात. माल ४ डिग्रीच्या खाली पाहिजे, फ्रोझन करणार असाल तर उणे १८. मधलं "फ्रिजमध्ये होतं की" असलं काही चालत नाही.

शेड्यूल ४ म्हणून स्वच्छतेचा एक भाग आहे त्या २०११ च्या नियमांत, त्यात मांसवाल्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. सारांश एवढाच की घाण बाजू आणि स्वच्छ बाजू वेगळी, माल पुढेच जायचा, मागे यायचा नाही. भिंतीला धुता येईल अशी टाइल, फरशी न घसरणारी आणि उताराची, जाळीचं ड्रेन, हात धुवायला कोपराने चालणारा नळ, पाणी पिण्यायोग्य असल्याचा लॅबचा रिपोर्ट. कामगारांची वर्षातून एकदा मेडिकल, टायफॉइडची लस. फॉस्टॅकचं, म्हणजे एफएसएसएआयचं अन्न सुरक्षेचं, ट्रेनिंग घेतलेला एक माणूस, २५ कामगारांमागे एक लागतो, तुमच्याकडे तुम्हीच घ्या.

माझं मत, मागच्या खोलीत हे बसणार नाही. दुकान दुकान राहू द्या, पाकिटांसाठी छोटा गाळा घ्या. आणि गाळ्यात कोंबडी कापूच नका. लायसन्स असलेल्या ड्रेसिंग प्लांटमधून, म्हणजे जिथे कोंबडी कापून साफ करतात तिथून, सोललेला, थंड केलेला माल घ्या, बर्फाच्या क्रेटमध्ये, आणि तिथे फक्त कटिंग, मसाला, पॅकिंग. कत्तल नाही म्हणजे अर्धी डोकेदुखी गेली, पिसांचा आणि कोथळ्याचा प्रश्न पण गेला, ते तसंही घंटागाडीवाला घेत नाही.

---

पवननगरचा चिकनवाला

हे वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले "प्लांटचं थंड चिकन? आपलं गिऱ्हाईक डोळ्यासमोर कापलेलं मागतं." मी म्हटलं पाकिटवालं गिऱ्हाईक कुठे समोर उभं असतं, ते तर मोबाइलवरून मागवतं. तर ते गप्प बसले, म्हणजे तयार झाले असावेत.

म्हणजे दोन जागा, दोन लायसन्स का? खर्च किती?

---

लेबलवाली ताई

हो, प्रत्येक जागेचं वेगळं. दुकानाचं कत्तल आणि किरकोळ विक्री, गाळ्याचं मांस प्रोसेसिंग. उत्पादनाचं राज्य लायसन्स दिवसाला १ टनापर्यंत वर्षाला ३००० रुपये फी, ऑनलाइन भरायची. ३५ हजारात ३००० सरकारचे आणि बाकीचे कोणाचे ते तुम्हाला कळलंच. अर्ज फॉस्कोसवरच करायचा, तो अन्न व औषध प्रशासनाकडे जातो, शंका काढली तर साइटवरच येते आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अर्ज बाद होतो. इथे बरेच लोक मार खातात, कारण मेल आयडी एजंटचा दिलेला असतो! मेल आणि मोबाइल स्वतःचाच द्या, हे पाया पडून सांगते.

कागद: गाळ्याचा मापासकट नकाशा, मशिनरीची यादी, भाडेकरार, पाण्याचा रिपोर्ट, महापालिकेची एनओसी, कच्चं मांस कुठून घेणार त्याची माहिती (म्हणून तो प्लांट लायसन्सवालाच हवा), आणि अन्न सुरक्षेचा आराखडा, म्हणजे माल कुठून येतो, किती तापमानाला ठेवता, कुठे बिघडू शकतो, बिघडला तर काय करता. आराखडा स्वतः लिहा. नेटवरून उतरवलेल्या आराखड्यात एकाचा मासळीचा कारखाना निघाला होता.

लायसन्स मिळाल्यावर काम संपत नाही. दर सहा महिन्यांनी मालाची मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासणी करून रिपोर्ट साइटवर टाकायचा, ३१ मेपर्यंत मागच्या वर्षाचं रिटर्न, चुकलं तर दिवसाला १०० रुपये. आणि हे मात्र खरंच नवीन आहे, डिसेंबर २०२४ मध्ये आलं: लायसन्सवाल्या उत्पादकांनी मुदत संपलेला आणि नाकारलेला माल किती, त्याचं काय केलं, ही माहिती दर तिमाहीला द्यायची. म्हणजे हॉटेलने परत पाठवलेली पाकिटं गुपचूप खिम्यात गेली नाहीत ना, हे बघायला. तुम्ही करत नसाल, पण वही आजपासून ठेवा.

स्टिकरचा फोटो टाका.

---

पवननगरचा चिकनवाला

फोटो टाकलाय. हॉटेलचा परत आलेला माल आम्ही कुत्र्यांना घालतो, खिम्यात नाही, आईशप्पथ.

---

लेबलवाली ताई

स्टिकर गेले दादा. तपकिरी चौकोनात तपकिरी गोल आहे, तो जुना. मांसाहाराला आता चौकोनात त्रिकोण लागतो, २०२० च्या लेबलिंग नियमांपासून. प्रिंटरवाल्याकडे जुनं डिझाइन पडून असतं, तो तेच चिकटवतो. शिवाय घटकांत "मसाले, दही, चिकन" लिहिलंय, उतरत्या क्रमाने हवं, चिकन पहिलं. दही आहे म्हणून "दूध" ही ॲलर्जीची सूचना हवी. "बेस्ट क्वालिटी, ताजे" च्या जागी बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, किती तापमानाला ठेवायचं ते, आणि पोषणाचा तक्ता. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर बिलावर पण हवा, १ जानेवारी २०२२ पासून. पॅकबंद विकताय तर वैधमापनकडे (वजन-मापं तपासणारं खातं) पॅकर म्हणून नोंदणी, आणि काट्याला दरवर्षी शिक्का.

हॉटेलला जाणाऱ्या पाकिटांवर पण सगळी माहिती जाऊ द्या, कमी छापून फायदा नाही.

---

कोल्डस्टोरेजचा माणूस

नवीन स्टिकर एकदम ५००० छापू नका. लायसन्स नंबर बदलणार, तारीख बदलणार. मुदत पाच दिवस की तीन दिवस हे तुम्ही अंदाजाने टाकलंय का? एका बॅचची दहा पाकिटं ४ डिग्रीला ठेवा, एक-एक दिवसाआड लॅबला द्या, रिपोर्ट कधी बिघडतो ते बघा, त्याच्या दोन दिवस आधीची तारीख टाका. आणि हे करताना फ्रिजमध्ये ३०० रुपयांचा थर्मामीटर ठेवा, फ्रिजच्या दारावरच्या आकड्यावर जाऊ नका. लाइट गेली की किती वेळात ४ वरून ८ वर जातं ते पण कळेल. सिडकोत पावसाळ्यात लाइट कशी जाते हे मी सांगायला नको.

---

सिन्नरचा पोल्ट्रीवाला

आणि बर्ड फ्लूची बातमी आली की हॉटेलवाले पहिले तुलाच फोन करतील. तेव्हा लॉटचे कागद हातात असले तर माल चालू राहतो. नसले तर महिनाभर झोप.

---

पवननगरचा चिकनवाला | १४ जुलै २०२५

अपडेट. एजंटला नाही म्हणून सांगितलं, तो म्हणाला बघून घेईन, बघ म्हटलं. हॉटेलच्या मॅनेजरला मेल टाकला की लायसन्सचं काम चालू आहे, दुकानाचा अर्ज भरला त्याची पावती जोडलीय, त्याने महिनाभर थांबतो म्हटलंय, पण दुसऱ्या हॉटेलने माल बंद केला. क्लाउड किचनला स्वतःहून सांगितलं की गाळा होईपर्यंत सीख बंद, फक्त टिक्का देईन. खिमा मशीन त्या खोलीत धुता येत नाही नीट, हे मला आधीच माहीत होतं, खोटं कशाला बोलू. थर्मामीटर आणला. फ्रिज दारावर ३ दाखवतो, आत मधल्या कप्प्यात ९ निघाले.

अंबडला एक गाळा बघितलाय, १५ बाय २०, पाणी आहे, थ्री फेज आहे, भाडं पण बसतंय. पण फरशीचा उतार दाराकडे आहे, म्हणजे धुतलेलं सगळं पाणी स्वच्छ बाजूने बाहेर येणार. मालक म्हणतो फरशी फोडू देणार नाही. फरशी न फोडता वरून उतार देऊन आतल्या भिंतीला जाळीचं ड्रेन कोणी केलंय का? किती इंच चढ लागतो आणि वर कोणतं कोटिंग टिकतं? मिस्त्री "होऊन जाईल साहेब" एवढंच म्हणतोय, म्हणून विचारतोय.