दोष किटचा की डायोडचा?

घरी जोडायच्या जुन्या किटमधील रेडिओ बहुधा मुकेच राहत आणि त्याला सुट्या भागांचा हलका दर्जा कारणीभूत असे, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. भाग हलके असत हे खरे. परंतु बिनबॅटरीच्या क्रिस्टल रेडिओपुरते बोलायचे तर चूक पुष्कळदा डायोडच्या, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाच्या, निवडीत असे. १९८४ च्या उन्हाळी सुट्टीत मी पुण्यातील तपकीर गल्लीतून गँग कंडेन्सर (केंद्र निवडण्याचा भाग), इनॅमलची तार आणि एक काळा डायोड आणला, पुठ्ठ्याच्या नळीवर मोजून ८० वेढे घातले, एरियल वाड्याच्या गच्चीवर ताणली आणि अर्थिंगसाठी न्हाणीघरातील नळ कानशीने चकचकीत घासला, तरीही कानात काही म्हणता काही उमटले नाही.

तो डायोड सिलिकॉनचा होता. सिलिकॉन सुमारे ०.६ व्होल्टखाली जवळजवळ वहनच करत नाही, जर्मेनियम मात्र ०.२ ते ०.३ व्होल्टलाच वाहू लागतो, आणि नुसत्या एरियलवर मिळणारा क्षीण संदेश सिलिकॉनच्या उंबरठ्यापर्यंत क्वचितच पोहोचतो. पुढच्या फेरीत काचेच्या नळीतील ओए ७९ हा जर्मेनियमचा डायोड आणला (उजेडात धरला की आतली केसासारखी तार दिसे, मला ती रेडिओपेक्षाही अधिक आवडे), आणि त्याच वेढ्यांवर ७९२ किलोहर्ट्झचे पुणे केंद्र स्वच्छ लागले. ट्रान्झिस्टरसोबत मिळणारा ८ ओहमचा इअरफोन मात्र येथे चालत नाही. तो मंडलावर (सर्किटवर) एवढा भार टाकतो की आवाज पुन्हा बुडतो, म्हणून फारसा भार न टाकणारा क्रिस्टलचाच इअरफोन लावावा लागतो.