विषय: रविवारची बँकॉकमधली देवदर्शन सहल, साथोन धक्क्यावरून

सहल समिती:

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी ८.३० ला सफान ताक्सिन स्टेशनखालच्या साथोन धक्क्यावर जमायचं आहे. नदीतल्या नारंगी झेंड्याच्या बोटीने ता चांग धक्का, तिथून राष्ट्रीय संग्रहालय. मग टुकटुकने साओ चिंग चा, म्हणजे तो उंच तांबडा झोपाळा. त्याच्या शेजारी देवस्थान, म्हणजे राजदरबारच्या ब्राह्मणांचं देऊळ, आणि जवळच हिंदू समाजाचं देव मंदिर. जेवण पाहुरतला, म्हणजे भारतीय बाजारपेठेत. सफान फुत धक्क्याहून परतीची बोट आणि संध्याकाळी सिलोमचं मारिअम्मन मंदिर. देवस्थानचे गाभारे रोज उघडे नसतात, म्हणून रविवार ठरवला आहे. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट घ्यायची नाही. नदी तीच, वारा तोच, भाडं मात्र जास्त.

नावं शुक्रवारपर्यंत द्या.

ऑन नुटकर:

आई नागपूरहून आली आहे, तिला न्यायची इच्छा आहे. पण गुडघे! बोट धक्क्याला नीट लागते का? व्हिडिओत तर लोक उड्या मारताना दिसतात. शिवाय एमआरटी, म्हणजे मेट्रो, थेट सामयोत स्टेशनला जाते, तिथून झोपाळा दहा मिनिटांच्या चालीवर. मग नदीचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? आणि देवदर्शनात संग्रहालय का घुसडलंय? आई विचारते, तिथल्या देवाला नमस्कार करायचा की नुसतं बघायचं?

प्रातूनामकर:

नदी सोडा हो. सेन सेप कालव्याच्या बोटीने प्रातूनामहून फान फा धक्क्याला या, पुढे देवस्थान चालत. ट्रॅफिक नाही, वळसा नाही. फक्त पांढरे कपडे घालू नका आणि समोरून बोट आली की दोरी ओढून ताडपत्री वर घ्या. ते पाणी तीर्थ म्हणून घेण्यासारखं नाही.

थोनबुरीकर:

ताई, आईंना नक्की आणा. बोट क्षणभरच थांबते हे खरं आहे. मागे उभा असलेला पोरगा शिट्ट्यांवर चालकाला सांगत बोट मागे-पुढे घेतो, खांबाला दोराचा एक वेढा देतो, माणसं चढली-उतरली की वेढा काढतो. त्यामुळे आपल्या आधीचा धक्का गेला की उठून मागे सरकायचं. एकाने पुढे उतरून हात द्यायचा, आईंनी मधे, एकाने मागे राहायचं. धक्का तरंगता असतो. पाणी चढलं-उतरलं तरी पातळी साधारण जुळते, पायाखाली डुलतं तेवढंच. मागची एक जागा भिक्खूंसाठी राखलेली असते, ती सोडून उभं राहा. सेन सेपचं नाव मात्र आईंसमोर काढू नका, तिथे कठड्यावरून पाय टाकून आत उतरावं लागतं.

आता द्राविडी प्राणायामाचं. सामयोतला जमिनीखालून वर आलात की देवळं दिसतील, पण नदीकाठचा वाट अरुण (थाईत वाट म्हणजे देऊळ) दिसणार नाही. सूर्याच्या सारथ्याचं नाव मिरवणारा बौद्ध विहार आहे तो. मधला प्रांग, म्हणजे शिखरासारखा उंच मनोरा, हा मेरू पर्वत, आणि त्याच्या कोनाड्यांत ऐरावतावर बसलेला इंद्र. खालून मान मोडून बघण्यापेक्षा नदीच्या मधून बघावा. आईंना मेरू सांगावा लागणार नाही, पोथीतला माहीत असेल.

संग्रहालय मीच सुचवलं होतं. तिथला गणपती पूर्व जावातल्या सिंघसारीचा, आणि बसलाय कवट्यांच्या आसनावर. थायलंडचे राजा चुलालोंगकोर्न १८९६ मध्ये जावाला गेले, तेव्हा डचांनी त्यांना ज्या मूर्ती भेट दिल्या त्यांतली ही एक. आईंनी खुशाल नमस्कार करावा, थाई लोकही करतात. इथे गणपतीकडे कलांचा देव म्हणून जास्त बघतात. सरकारी ललित कला विभागाच्या मुद्रेवर तोच आहे, ता चांगजवळच्या सिल्पाकोर्न विद्यापीठाच्या मुद्रेवरही तोच. नाटकवाले, चित्रकार, गायक सगळे त्याचे भक्त. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकाला एवढा मोठा आश्रयदाता लाभलाय आणि आपण मात्र दरवर्षी हॉलच्या भाड्यावर भांडतो.

देवस्थानबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण दाराशी पोचल्यावर अनेकांचा चेहरा पडतो. शिखर नाही, घंटांचा गजर नाही. पांढऱ्या भिंती, उतरतं छप्पर, अंगणातल्या छोट्या तळ्यात ब्रह्मदेव. बँकॉक १७८२ मध्ये राजधानी झालं आणि दोनच वर्षांनी, १७८४ मध्ये, राजा पहिला राम याने हे बांधलं. तीन गाभारे आहेत: मोठा शिवाचा, दुसरा गणपतीचा, तिसरा विष्णूचा. पुजारी म्हणजे राजदरबारचे ब्राह्मण, पांढऱ्या वस्त्रात, केसांचा बुचडा बांधलेले. पूर्वज दक्षिण भारतातले, बरीच घराणी नाखोन सी थम्मरातमार्गे आलेली. आता ते आपसात थाईच बोलतात, पण वर्षाच्या सुरुवातीच्या उत्सवात पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेली तमिळ स्तोत्रं अजून म्हणतात. राजाचा अभिषेक आणि मे महिन्यातला सनाम लुआंग मैदानावरचा नांगरणीचा सोहळा त्यांच्याविना होत नाही. त्यामुळे तिथे अभिषेकाची पावती फाडायला जाऊ नका. हे दरबाराचं देऊळ आहे, आपण शांतपणे बसून यायचं.

झोपाळ्यावर पूर्वी त्याच उत्सवात ब्राह्मण तरुण झोके घेत आणि उंच बांबूला लटकवलेली पैशांची थैली दातांनी पकडत. १९३५ मध्ये ते बंद झालं. आताचे सागवानी खांब २००७ चे, लाकूड फ्रे प्रांतातलं.

ओटी भरायची असेल तर सिलोमला. ते मारिअम्मन मंदिर तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात उभारलं. आज रांगेत थाईच जास्त असतात. नारळ, केळी, झेंडूच्या माळा असं तबक बाहेरच तयार मिळतं. खण घरून आणा. आत फोटो काढायला मनाई आहे.

ऑन नुटकर:

काका, आईला मेल वाचून दाखवला. कवट्यांवरचा गणपती ऐकून ती आधी "अगं बाई" म्हणाली आणि मग म्हणाली, तिथेच आधी जाऊ. दोन नावं लिहा. साबुदाण्याचे वडे आणू का? रविवारी तिचा उपास आहे.

सिलोमकर:

वड्यांना बहुमताने मंजुरी. पाहुरतला मी जेवायचं बघतो. गुरुद्वाऱ्याच्या सोनेरी घुमटाजवळच्या गल्ल्यांत शाकाहारी मिळतं, पण सगळ्यांना एका टेबलावर जागा मिळेल असं समजू नका.

सहल समिती:

अंतिम ठरलं ते असं. ज्यांना चालणं जड जाईल त्यांनी ता चांगला उतरल्यावर लगेच टुकटुक करावी, संग्रहालयाच्या दारात सोडेल. परतीच्या वेळी सफान फुतला बोटीची गर्दी दिसली तर पुढच्या बोटीची वाट बघू, ढकलाढकली नको. साथोनहून मारिअम्मन चालत पंधरा-वीस मिनिटं, ज्यांना नको त्यांनी टॅक्सी करावी. काढता-घालता येतील अशा चपला घाला, गुडघे-खांदे झाकणारे कपडे असू द्या.

प्रातूनामकर, तुम्ही कालव्याने या. ११ वाजता झोपाळ्यापाशी भेटू. एक कोरडा शर्ट पिशवीत ठेवा.