क्रिस्टी : शिखा, घड्या की आणखी काही?

अक्षरओझं
पेशीविज्ञानावरच्या एका मजकुराचं भाषांतर करतोय. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाचं, चित्र आहे, त्यात आतल्या पटलाकडे (पातळ आवरणाकडे) बाण दाखवून ‘क्रिस्टी’ असं लिहिलंय. मी ‘शिखा’ केलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘घड्या’ केलं आणि समासात शेरा मारला, ‘शिखा डोक्यावर असते, पोटात नाही.’ काय ठेवू?

बोरूबहाद्दर
शिखाच ठेवा. लॅटिनमध्ये क्रिस्टा (क्रिस्टीचं एकवचन) म्हणजे तुरा, कोंबड्याच्या डोक्यावर असतो तो. त्यांना तुरा पोटात चालला, मग आपल्यालाच का सोवळं?

आडवाछेद
नाव ठेवणाऱ्याला काय दिसलं होतं ते आधी बघा. क्रिस्टी हे नाव पेशीशास्त्रज्ञ जॉर्ज पॅलाडे यांचं, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यांच्या मते आतलं पटलच ठिकठिकाणी आत वळलेलं होतं. त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये फ्रिट्योफ शोस्ट्रांड तशीच चित्रं पाहत होते. त्यांना ते पटलापासून सुटे, आडवे पडदे वाटले. म्हणजे ‘घडी’ म्हटलं की तुम्ही पॅलाडेंच्या बाजूने साक्ष दिली आणि ‘पडदा’ म्हटलं की शोस्ट्रांडच्या. शिखा निदान तटस्थ तरी आहे.

खडीसाखर
मग अस्सल मराठी ‘कंगोरा’ घ्या की! ना संस्कृतची उसनवारी, ना लॅटिनची.

बोरूबहाद्दर
अस्सल मराठी? कंगोरा फारसी कंगुऱ्यावरून आलाय. तटाच्या माथ्यावरचे दाते ते कंगुरे. उसनवारी मोजायला बसलात तर ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच हाती राहतील.

खडीसाखर
चार पिढ्यांच्या तोंडात रुळलेला शब्द आमचाच. शिखा कुणाच्या तोंडात आहे?

आडवाछेद
रुळण्याचा मुद्दा मान्य, पण आकाराचं काय? यकृताच्या पेशींत या वळ्या चपट्या असतात, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थरात चक्क नळ्या. नळीला घडी म्हणाल की कंगोरा? शिवाय पुढे, एकच काप वेगवेगळ्या कोनांत कलवून घेतलेल्या चित्रांवरून त्रिमित आकार उभा केला, तेव्हा बऱ्याच वळ्या काठाशी अरुंद तोंडांनी जोडलेल्या निघाल्या. घडी म्हटलं की बुडाशी रुंद असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तसं ते नाही.

नानाविध
क्रिस्टीचं सोडा, मायटोकॉन्ड्रियासाठीच्या ‘तंतुकणिका’ या शब्दाचं कुणाला काहीच वाटत नाही? तंतू का कणिका, एक काय ते ठरवा.

बोरूबहाद्दर
तो दोष मराठीचा नाही. कार्ल बेंडा यांनी १८९८ साली नाव दिलं तेच ग्रीक मिटोस म्हणजे धागा आणि कॉन्ड्रिऑन म्हणजे दाणा जोडून. आपल्याकडे शब्दाला शब्द ठेवला, इतकं चोख भाषांतर क्वचित होतं.

कापाकापी
आणि दोन्ही खरं आहे. जिवंत पेशीत ते बरेचदा लांब, फाटे फुटलेले धागे असतात. आम्ही प्रयोगशाळेत त्यांचे साठ-सत्तर नॅनोमीटर जाडीचे काप घेतो. धागा आडवा कापला की गोल दिसतो, तिरपा कापला की लांबट. पुस्तकातली घेवड्याच्या दाण्यासारखी आकृती पाहून लोक समजतात की पेशीत असे सुटे दाणेच पोहताहेत.

खडीसाखर
काप? पारिभाषिक शब्द ‘छेद’ आहे ना?

कापाकापी
कोशात असेल. आमच्याकडे सगळे ‘सेक्शन’ म्हणतात. ‘अतितनू छेद’ वाचून एका विद्यार्थ्याने विचारलं होतं की भोक नेमकं कुठे पाडायचं. काप म्हटलं की सुरी डोळ्यांसमोर येते, आणि सुरी असतेच, काचेची नाहीतर हिऱ्याची. काप पात्यावरून सुटून पाण्यावर तरंगतात, त्यांच्या रंगावरून जाडी कळते. रुपेरी असला तर घ्यायचा, सोनेरी जरा जाड, जांभळा दिसला की सोडून द्यायचा. मग तो तांब्याच्या बारक्या जाळीवर उचलायचा. ही जाळी तीन मिलिमीटरची, शिंक आली की गेली.

नानाविध
जाळीला ‘ग्रिड’ म्हणता की जाळी?

कापाकापी
ग्रिड. इथे मराठीत लिहायचं म्हणून जाळी म्हटलं.

बोरूबहाद्दर
चित्राला मात्र ‘छायाचित्र’ म्हणा. फोटोला तो शब्द जरा ओढूनताणून लावलाय, इथे अगदी चपखल बसतो. ऑस्मियम, शिसं, युरेनियम असे जड धातू पटलांना चिकटवतात, ते इलेक्ट्रॉन विखुरतात आणि तेवढा भाग काळा उमटतो. शब्दशः छाया.

खडीसाखर
इलेक्ट्रॉन नव्हे, विजाणू. आणि सूक्ष्मदर्शक नव्हे, सूक्ष्मदर्शी.

आडवाछेद
दर्शक म्हणजे दाखवणारा, दर्शी म्हणजे पाहणारा. दूरदर्शी माणूस दूरचं पाहतो, दुसऱ्याला दाखवत बसत नाही. यंत्र दाखवतं.

खडीसाखर
मग दूरदर्शन काय करतं?

अक्षरओझं
मंडळी, बाईंना आज संध्याकाळी पान द्यायचंय.

नानाविध
दूरदर्शनमधलं ‘दर्शन’ भाववाचक नाम आहे, कर्तृवाचक नाही. तुलनाच चुकीची.