मदत हवी आहे : वेदरायझेशनसाठी घरमालकाची संमती कशी मिळवावी?

अमेरिकेत चार घरांच्या एका जुन्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या वयस्कर दांपत्याच्या वतीने विचारत आहे. हीटिंगचे बिल त्यांच्याच नावावर येते. स्थानिक कम्युनिटी ॲक्शन एजन्सीमार्फत (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्थेमार्फत) त्यांना ‘लाइहीप’ची, म्हणजे ऊर्जाबिलासाठीच्या केंद्रीय योजनेची, मदत मिळाली आणि रक्कम थेट गॅस कंपनीकडे जमा झाली; परंतु त्यातून बिल हलके होते, खिडक्यांच्या फटींतून जाणारी ऊब थांबत नाही. म्हणून त्याच एजन्सीकडे वेदरायझेशनसाठी, म्हणजे इन्सुलेशन, फटी बुजवणे आणि फर्नेसची तपासणी यांसाठी अर्ज केला आहे. उत्पन्न केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांच्या आत आहे आणि इमारतीतील निम्मी घरे पात्र आहेत, त्यामुळे पात्रतेची अडचण नाही.

अडचण घरमालकाच्या लेखी संमतीची आहे. या कामामुळे काही वाजवी काळ भाडे वाढवता येत नाही, असा केंद्रीय नियम आहे आणि नेमक्या त्याच अटीमुळे घरमालक सही करण्यास कचरत आहेत. त्यांना पत्र दिले, काम मोफत होईल हेही सांगितले, पण उत्तर टाळले जाते. संबंध बिघडू नयेत, ही माझी मोठी काळजी आहे, कारण घर बदलणे सध्या शक्य नाही आणि हाउसिंग व्हाउचरची (भाड्यासाठीच्या सरकारी मदतीची) प्रतीक्षा यादी लांब आहे.

भाडेकरू म्हणून हे काम ज्यांनी करून घेतले, त्यांच्या बाबतीत एजन्सी स्वतः घरमालकाशी बोलली का, आणि भाडे न वाढवण्याची मुदत त्यांच्या राज्यातील करारात किती होती?